लॉगिन करताच कंप्युटर तुमचा कोटा ठरवतो, पण १०२४ हा आकडा आला कुठून?

२५ नोव्हेंबर २०२०. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाचा आदला दिवस. घरी पाहुणे येणार म्हणून लोक आवराआवरीला लागले होते आणि नेमकं त्याच दिवशी घरात झाडू मारणाऱ्या आयरोबोटचं ॲप गंडलं. टीव्हीवर सिनेमे दाखवणाऱ्या रोकूला अडचणी आल्या. ॲडोबीच्या काही सेवा अडकल्या. या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय, तर हे सगळे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर चालत होते.

लोकांना वाटलं हॅकिंग झालं असणार. तसं काही नव्हतं. आग लागली नव्हती, केबल तुटली नव्हती. उलट ॲमेझॉनने त्या रात्री चांगलंच काम केलं होतं. व्हर्जिनियातल्या त्यांच्या कायनेसिस नावाच्या सेवेला थोडे जास्तीचे सर्व्हर जोडले होते. पहाटे २ वाजून ४४ मिनिटांनी काम सुरू झालं, ३ वाजून ४७ मिनिटांनी संपलं. सव्वापाचला धोक्याची घंटा वाजायला लागली. सेवा पूर्ण सुरळीत व्हायला रात्रीचे १० वाजून २३ मिनिटं झाली.

मग झालं काय होतं? तिथला प्रत्येक सर्व्हर बाकीच्या प्रत्येक सर्व्हरशी बोलायला एकेक थ्रेड उघडून ठेवायचा. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला एक कामगार समजा. सर्व्हर वाढले, तसे प्रत्येक सर्व्हरवरचे कामगारही वाढले. आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवलेली होती एक मर्यादा, की एवढ्यापेक्षा जास्त थ्रेड चालणार नाहीत. तो आकडा ओलांडला गेला आणि सगळं कोसळलं. हे कारण पक्कं शोधून काढायलाच सकाळचे पावणेदहा वाजत आले होते.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्यांची मोठी दुखणी, आपला काय संबंध? संबंध आहे. असे आकडे प्रत्येक लिनक्स, मॅक आणि युनिक्सच्या घराण्यातल्या प्रत्येक मशीनवर असतात. तुम्ही युजरनेम आणि पासवर्ड टाकून आत शिरलात की सिस्टीम गुपचूप तुमच्या नावावर एक कोटा लावते. किती फाईली उघडायच्या, किती प्रोग्रॅम चालवायचे, किती मेमरी वापरायची, सगळं ठरलेलं. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा आतून लिनक्सच आहे. म्हणून हा कोटा नेमका काय प्रकार आहे, तो कुणी ठरवला आणि तो चुकला की काय होतं, ते बघूया.

कोटा लावायची वेळच का आली?

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही सिस्टीम उभी केली. तेव्हा कंप्युटर म्हणजे घरोघरी असणारी वस्तू नव्हती. खोलीएवढं किंवा कपाटाएवढं एक महागडं मशीन आणि त्याला जोडलेली बरीच टर्मिनल्स. एकाच वेळी दहा-वीस माणसं त्या एका मशीनवर काम करायची.

चाळीत एकच पाण्याची टाकी असते तशी ही परिस्थिती. एका बिऱ्हाडाने नळ उघडा ठेवून बाजाराला जायचं ठरवलं, तर बाकीच्यांनी भांडी कशात घासायची? मुद्दाम कुणी करत नसतं, पण प्रोग्रॅम लिहिताना एक ओळ चुकली की तो थांबायचं नाव घेत नाही आणि मशीनची सगळी मेमरी एकटाच गिळतो. त्याच्या चुकीची शिक्षा शेजारी बसलेल्या सगळ्यांना.

त्यामुळे सुरुवातीपासूनच काही मर्यादा सिस्टीममध्येच कोरलेल्या होत्या. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये एका प्रोग्रॅमला एका वेळी जास्तीत जास्त २० फाईली उघडता यायच्या. वीस म्हणजे वीस. बदलायचं असेल तर सिस्टीमच नव्याने तयार करायची.

मग १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधून ४.२ बीएसडी नावाची युनिक्सची आवृत्ती आली. त्यात 'सेट-आर-लिमिट' नावाची सोय होती. तिचं काम एवढंच, की प्रत्येक प्रोसेसला तिचा वेगळा कोटा नेमून द्यायचा. आजच्या लिनक्सपासून मॅकपर्यंत सगळीकडे तीच कल्पना चालू आहे.

लॉगिनच्या त्या एका सेकंदात काय घडतं?

यातली गंमत समजून घ्यायला एक नियम लक्षात ठेवायचा. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेस दुसऱ्या कुठल्यातरी प्रोसेसचं पोर असते आणि कोटा हा वारसाहक्काने मिळतो. आईबापाला जेवढी मर्यादा, तेवढीच पोराला.

तुम्ही लॉगिन करता तेव्हा सुरुवातीला एक प्रोग्रॅम सर्वाधिकार घेऊन, म्हणजे रूट म्हणून चालत असतो. तो तुमचा पासवर्ड तपासतो. बरोबर निघाला की लगेच तुम्हाला आत सोडत नाही. आधी तो सेटिंगची फाईल उघडतो आणि तुमच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघतो. लिनक्सवर हे काम 'पॅम' नावाची यंत्रणा करते आणि तिची फाईल असते 'लिमिट्स डॉट कॉन्फ'. त्या फाईलीतली प्रत्येक ओळ चार खणांची असते. कुणासाठी, कोणत्या प्रकारची मर्यादा, कशावर आणि किती.

त्यातले आकडे वाचून तो प्रोग्रॅम आधी स्वतःवर ते बंधन लावून घेतो. मग रूटचे अधिकार सोडतो, तुमचं रूप घेतो आणि तुमच्यासाठी शेल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी सुरू करतो. इथून पुढे तुम्ही जे काही चालवाल, ते सगळं त्या शेलचं पोर किंवा नातवंड. त्यामुळे सगळ्यांना तोच कोटा.

ज्या शेलमधून हा कोटा बघता आणि बदलता येतो, त्या कमांडचं नाव 'युलिमिट'. ही कमांड वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालत नाही, ती शेलच्या पोटातच असते. कारण सोपं आहे. वेगळा प्रोग्रॅम असता तर त्याने स्वतःची मर्यादा बदलली असती आणि काम संपवून तो मरून गेला असता. वारसा आईकडून पोराकडे जातो, पोराकडून आईकडे येत नाही.

सॉफ्ट आणि हार्ड, एकाच गोष्टीला दोन मर्यादा कशाला?

तुमच्या बँकेने समजा यूपीआयला दिवसाची एक लाखाची मर्यादा ठेवली आहे. तुम्ही बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती स्वतःहून वीस हजारांवर आणली. उद्या गरज पडली तर तुम्ही ती परत वाढवू शकता, पण बँकेने घातलेल्या एक लाखाच्या वर तुम्हाला नेता येणार नाही.

इथेही तसंच आहे. प्रत्यक्षात जी लागू असते ती सॉफ्ट मर्यादा. ती तुम्ही स्वतः वरखाली करू शकता, पण हार्ड मर्यादेपर्यंतच. हार्ड मर्यादा साध्या युजरला फक्त कमी करता येते आणि एकदा कमी केली की त्या सेशनमध्ये पुन्हा वाढवता येत नाही. ती वाढवण्याचा अधिकार रूटचा.

या कोट्यात असतं काय काय?

यादी मोठी आहे, पण नेहमी भेटणाऱ्या गोष्टी चार-पाचच.

पहिली, उघड्या फाईलींची संख्या. लिनक्सवर साधारण १०२४, तर मॅकच्या टर्मिनलमध्ये बऱ्याचदा फक्त २५६. इथे फाईल म्हणजे नुसती वर्ड किंवा फोटोची फाईल असं समजू नका. युनिक्समध्ये इंटरनेटचं प्रत्येक कनेक्शनही याच हिशोबात धरलं जातं. त्यामुळे एखाद्या वेबसाईटवर एकदम हजारभर लोक आले, तर सर्व्हरचा कोटा संपतो आणि 'टू मेनी ओपन फाईल्स' असा एरर येतो. डिस्क रिकामी, मेमरी रिकामी, तरी साईट बंद.

दुसरी, स्टॅक. प्रोग्रॅमला तात्पुरती टिपणं ठेवायला मिळणारी ही जागा लिनक्सवर ८ एमबीची असते. इंजिनिअरिंगच्या पोरांना ही ओळखीची आहे. एखादं फंक्शन स्वतःलाच बोलावत बसलं, की आठ एमबी भरतात आणि 'सेगमेंटेशन फॉल्ट' होऊन प्रोग्रॅम मरतो. मर्यादा नसती तर त्याने सगळी रॅम खाऊन मगच जीव सोडला असता.

तिसरी, कोअर डंप. प्रोग्रॅम क्रॅश झाला की त्याच्या मेमरीचा पंचनामा फाईलीत लिहून ठेवायची सोय असते. ही मर्यादा बऱ्याच लिनक्स सिस्टीम्सवर डिफॉल्ट शून्य असते. कारण मेमरीत पासवर्डही असू शकतात आणि रोज क्रॅश होणारा प्रोग्रॅम डिस्क भरून टाकू शकतो.

चौथी, एका युजरच्या प्रोसेसची संख्या. हा आकडा लिनक्स तुमच्या रॅमवरून काढतं. १६ जीबी रॅमच्या मशीनवर तो साठ हजारांच्या पुढे जातो. यात थ्रेडही मोजले जातात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आणि पाचवी, सीपीयूचा वेळ. ही बहुतेक ठिकाणी अमर्याद सोडलेली असते. म्हणजे प्रोग्रॅम आठवडाभर चालला तरी हरकत नाही.

पण १०२४ च का?

हजार नाही, दोन हजार नाही, १०२४ च का? याचं उत्तरही १९८३ च्या त्याच बर्कलीच्या आवृत्तीत आहे.

एक सर्व्हर शंभर लोकांशी बोलतोय. त्यातला कोण आत्ता बोलतोय, हे त्याला कसं कळणार? त्यासाठी 'सिलेक्ट' नावाची सोय करण्यात आली. प्रोग्रॅम तिला एक तक्ता देतो. शाळेच्या हजेरीपटासारखा, प्रत्येक फाईलीच्या नंबरला एक चौकोन. ज्यावर लक्ष ठेवायचं त्या चौकोनात खूण करायची. लिनक्समध्ये या तक्त्याची लांबी ठरून गेली १०२४ चौकोन.

आता समजा कोटा वाढवला आणि प्रोग्रॅमने पंधराशेवी फाईल उघडली. तक्त्यात तेवढे चौकोनच नाहीत. पण प्रोग्रॅम बिनदिक्कत पंधराशेव्या जागी खूण करतो. ती जागा तक्त्याच्या बाहेरची, दुसऱ्याच कुठल्यातरी माहितीची. ती माहिती खराब होते. नशीब बरं असेल तर प्रोग्रॅम क्रॅश होतो, नसेल तर चुकीचा हिशोब करत तसाच चालू राहतो.

म्हणून सगळ्यांनी सुरक्षित मार्ग पत्करला. सॉफ्ट मर्यादा १०२४ वरच ठेवायची. ज्या नव्या प्रोग्रॅमला 'सिलेक्ट' वापरायचं नाही, त्याने स्वतःहून हार्ड मर्यादेपर्यंत कोटा वाढवून घ्यावा. लिनक्सचं कर्नल हार्ड मर्यादा ४०९६ ठेवायचं. डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत वापरल्या जाणाऱ्या 'सिस्टीमडी' या यंत्रणेची २४० वी आवृत्ती आली आणि तिने हार्ड मर्यादा थेट ५,२४,२८८ वर नेली. सॉफ्ट मर्यादेला मात्र हात लावला नाही. ती आजही १०२४ आहे.

म्हणजे बघा, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका तक्त्याची सावली आजच्या लॅपटॉपवर पडलेली आहे. फाईल उघडायला आज मेमरी किंवा वेळ फारसा लागत नाही. आकडा टिकलाय तो जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून.

फोर्क बॉम्ब, म्हणजे रक्तबीजच

पुराणातला रक्तबीज आठवतोय? रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा. फोर्क बॉम्ब हा त्याच जातीचा प्रोग्रॅम. तो दुसरं काहीही करत नाही. फक्त स्वतःच्या प्रती काढतो आणि त्या प्रतीही स्वतःच्या प्रती काढतात.

एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहाव्या दुपटीला १०२४. पंधराव्या दुपटीला ३२,७६८. आणि लिनक्समध्ये प्रोसेसना द्यायच्या नंबरांची डिफॉल्ट मर्यादा बरीच वर्षं हीच होती, ३२,७६८. म्हणजे पंधरा दुपटींत नंबरच संपायचे. मग प्रोग्रॅम बंद करायला नवी कमांड चालवावी, तर तिलाही नंबर शिल्लक नसायचा. उरला एकच उपाय, पॉवरचं बटण.

यातला सगळ्यात प्रसिद्ध फोर्क बॉम्ब जेमतेम डझनभर चिन्हांचा आहे. त्यात एकही अक्षर नाही, नुसती कंस, अपूर्णविराम, उभी रेघ अशी चिन्हं. २००२ मध्ये जारोमिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इटालियन प्रोग्रॅमरने तो चक्क कलाकृती म्हणून मांडला होता. सोशल मीडियावर 'ही कमांड टाकून बघा, मजा येईल' म्हणून ती चिन्हं फिरत असतात. टाकू नका. ऑफिसच्या सर्व्हरवर तर अजिबातच टाकू नका.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक युजरच्या प्रोसेसना मर्यादा. रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्सने सहाव्या आवृत्तीत साध्या युजरला १०२४ प्रोसेसची सॉफ्ट मर्यादा घातली आणि चुकून होणारे फोर्क बॉम्ब टाळण्यासाठी ही मर्यादा आहे, असं त्या सेटिंगच्या फाईलीतच लिहून ठेवलं. सातव्या आवृत्तीत ती ४०९६ झाली.

पण इलाजाचेही दुष्परिणाम असतात. जावात लिहिलेले मोठे प्रोग्रॅम हजारो थ्रेड उघडतात. ते या मर्यादेवर आदळायचे आणि एरर दाखवायचे 'आउट ऑफ मेमरी'. आता असा एरर बघून माणूस काय करणार? रॅम वाढवणार. रॅम वाढवूनही तोच एरर. कारण मेमरी कमी नव्हतीच, संपला होता तो थ्रेडचा कोटा. कोट्याच्या बाबतीत हे नेहमीचं दुखणं आहे. मर्यादा एकीकडे ओलांडली जाते आणि बोंब भलतीकडेच उठते.

हाच कोटा हॅकर्सनी हत्यार म्हणून वापरला

२०१० सालची गोष्ट. अँड्रॉइड फोन नवे होते आणि ते रूट करायचं वेड पोरांमध्ये जोरात होतं. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या युक्त्यांपैकी एकीचं नाव होतं 'रेज अगेन्स्ट द केज'. ही युक्ती पूर्णपणे कोट्यावर उभी होती.

फोन केबलने कंप्युटरला जोडला की फोनमध्ये 'एडीबी' नावाचा प्रोग्रॅम काम करतो. तो सुरू होताना रूट असतो आणि लगेच स्वतःचे अधिकार सोडून 'शेल' नावाचा साधा युजर बनतो. हॅकरने काय केलं, तर त्या साध्या युजरच्या नावाने फोर्क बॉम्बसारख्या प्रोसेस काढत राहिला, अगदी कोटा गच्च भरेपर्यंत. मग एडीबीला मारून टाकलं. सिस्टीमने नियमाप्रमाणे ते पुन्हा सुरू केलं, रूट म्हणून. आता त्याने अधिकार सोडून साधा युजर व्हायचा प्रयत्न केला. पण त्या युजरचा कोटा भरलेला. सिस्टीमने नकार दिला.

आणि इथेच घात झाला. नकार मिळाला की नाही हे एडीबी तपासतच नव्हतं. आपण साधे युजर झालो असं गृहीत धरून ते कामाला लागलं. प्रत्यक्षात ते रूटच राहिलं होतं. हॅकरच्या हातात फोनच्या सगळ्या किल्ल्या.

फोन रूट करणाऱ्यांनी ही युक्ती हौसेने वापरली, पण गोष्ट तिथे थांबली नाही. मार्च २०११ मध्ये 'ड्रॉइडड्रीम' नावाचं मालवेअर उघडकीला आलं. गुगलच्या अधिकृत अँड्रॉइड मार्केटमधल्या पन्नासहून जास्त ॲप्समध्ये ते लपलेलं होतं आणि फोनचा ताबा घ्यायला त्यात हीच युक्ती होती. गुगलला ती ॲप्स बाजारातून काढावी लागली, लोकांच्या फोनवरूनही दुरून उडवावी लागली.

त्याच वर्षी लिनक्सच्या ३.१ आवृत्तीत नियमच बदलला गेला. कोटा भरलेला असला तरी अधिकार सोडायला आता आडकाठी नाही. अडवायचंच असेल तर त्यानंतर नवा प्रोग्रॅम सुरू करताना अडवायचं. माणसाला घराबाहेर जाताना अडवू नका, दुसऱ्याच्या घरात शिरताना अडवा, असं काहीसं.

मग सगळंच अनलिमिटेड करून टाकलं तर?

इंटरनेटवर कुठेही 'टू मेनी ओपन फाईल्स'चा उपाय शोधा. निम्मे लोक सांगतील, मर्यादा 'अनलिमिटेड' करून टाका, विषय संपला. डॉकर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्येही बराच काळ उघड्या फाईलींची मर्यादा 'अमर्याद' अशीच लिहिलेली होती. प्रत्यक्षात तिचा अर्थ साधारण दहा लाख असा व्हायचा, कारण वरून कर्नलची स्वतःची मर्यादा होती. सगळं ठीक चाललं होतं.

मग सिस्टीमडीच्या त्याच २४० व्या आवृत्तीने कर्नलची ती मर्यादाही उठवली. काही लिनक्स सिस्टीम्सवर डॉकरमधल्या 'अमर्याद'चा अर्थ एकदम १,०७,३७,४१,८१६ झाला. शंभर कोटींच्या वर फाईली.

पण एवढ्या फाईली उघडणार होतं कोण? कुणीच नाही. तरी प्रोग्रॅम झोपायला लागले. कारण काही जुन्या प्रोग्रॅमना सवय होती की नवं काम सुरू करण्याआधी शून्यापासून कोट्याच्या शेवटच्या आकड्यापर्यंतची प्रत्येक फाईल बंद करायची, उघडी असो वा नसो. हजार असताना हे चुटकीसरशी व्हायचं. शंभर कोटी म्हटल्यावर सीपीयू पूर्ण ताकदीने पळतोय आणि प्रोग्रॅम जागचा हलत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या तर कोट्याएवढा मोठा तक्ता मेमरीत आधीच आखून ठेवायच्या. रिकामा डेटाबेस सुरू होतानाच कित्येक जीबी रॅम मागायला लागला. पुढे डॉकरने ती अमर्याद सेटिंग काढून टाकली.

ॲमेझॉनचंही बघण्यासारखं आहे. कारण सापडल्यावर त्यांनी घाईघाईने मर्यादा वाढवली नाही. नीट चाचणी न करता वाढवली तर काय होईल याची खात्री नव्हती. त्यांनी जोडलेले सर्व्हर काढले आणि बाकीचे हळूहळू पुन्हा सुरू केले. नंतर कमी संख्येचे पण मोठे सर्व्हर वापरायचं ठरवलं, म्हणजे थ्रेड आपोआप कमी. शिवाय थ्रेडचा वापर मर्यादेच्या जवळ जायला लागला की आधीच कळावं अशी सोय केली.

सगळ्या सिस्टीम्सचा कोटा सारखाच असतो का?

नाही, आणि यात ज्याचा त्याचा स्वभाव दिसतो. बर्कलीच्या वंशातल्या फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दोघांत 'लॉगिन डॉट कॉन्फ' नावाची फाईल असते. तिथे युजरचे वर्ग पाडलेले असतात. साधा युजर, स्टाफ, पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवा, प्रत्येकाचा कोटा वेगळा. फ्रीबीएसडी बहुतेक मर्यादा डिफॉल्टमध्ये मोकळ्या सोडते आणि ठरवायचं काम मशीन सांभाळणाऱ्यावर टाकते. ओपनबीएसडीला सुरक्षेचं भारी वेड, त्यामुळे तिचा कोटा आखडता. इतका की फायरफॉक्ससारखा जड ब्राउझर नीट चालावा म्हणून अनेक जण स्वतःला साध्या वर्गातून स्टाफ वर्गात हलवतात.

या जुन्या पद्धतीत एक मोठी फटही आहे. मेमरी आणि फाईलींची मर्यादा दर प्रोसेसला लागते, दर माणसाला नाही. एका प्रोसेसला एक जीबी असा नियम केला आणि एखाद्याने शंभर प्रोसेस चालवल्या, तर शंभर जीबी झाले आणि नियमही मोडला नाही. रेशनकार्डावर पाच किलोची मर्यादा आणि एका घरात शंभर कार्डं, असा तो प्रकार.

ही फट बुजवायला गुगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये काम सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीत 'सीग्रुप्स' आले. यात सगळ्या प्रोसेसची एक टोळी करून कोटा टोळीला लावता येतो. आज सिस्टीमडी असलेल्या लिनक्सवर तुम्ही लॉगिन केलं की तुमच्या नावाची अशी टोळी बनते आणि एकूण कामांच्या मर्यादेपैकी डिफॉल्टने ३३ टक्के तिला मिळतात. एकाच युजरने सगळं मशीन अडवू नये म्हणून.

ही गरज फक्त इतिहासातली नाही. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या सुपरकॉम्प्युटरवर आजही संशोधक आधी सामाईक लॉगिन मशीनवर येतात आणि तिथून आपलं गणित रांगेत लावतात. तिथे एकाने हौसेने सगळं काम लॉगिन मशीनवरच चालवलं, तर बाकीच्यांना साधी फाईल उघडायलाही वाट बघावी लागेल. चाळ बदलली, टाकी अजून सामाईकच आहे.

तुमचा कोटा कसा बघायचा?

लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनल उघडा. 'युलिमिट' ही कमांड इंग्रजीत टाईप करा, एक जागा सोडा, मग आडवी रेघ आणि छोटा 'ए'. पूर्ण यादी समोर येईल. फक्त बघितल्याने काही बिघडत नाही.

बदलायची वेळ आली, तर तीन गोष्टींवर लोक हमखास अडकतात.

१. फाईलीत आकडा बदलला तरी चालू सेशनला तो लागत नाही. कोटा लॉगिनच्या वेळी लागतो. म्हणून लॉगआउट करून परत या.

२. मशीन सुरू होताना आपोआप चालू होणारे डेटाबेस आणि वेब सर्व्हर लॉगिनच्या दारातून येतच नाहीत. त्यांना 'लिमिट्स डॉट कॉन्फ' लागू होत नाही. त्यांचा आकडा सिस्टीमडीमधल्या त्या त्या सेवेच्या फाईलीत लिहावा लागतो. 'मी मर्यादा वाढवली तरी एरर जात नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

३. त्या फाईलीत सगळ्यांसाठी म्हणून फुली मारून लिहिलेली ओळ रूटला लागत नाही. रूटसाठी वेगळी ओळ लिहावी लागते.

आणि आकडा वाढवायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, की तो भरला का? खरंच गिऱ्हाईक वाढलं म्हणून फाईली वाढल्या असतील, तर कोटा जरूर वाढवा. पण प्रोग्रॅम फाईली उघडतोय आणि बंद करायला विसरतोय, असं असेल तर १०२४ चे एक लाख केल्याने काय होणार? आज दुपारी पडणारा सर्व्हर पुढच्या महिन्यात, ऐन गर्दीच्या दिवशी पडेल. गळका नळ दुरुस्त करायचा सोडून मोठी टाकी आणल्यासारखं ते होईल.

डिफॉल्ट म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्याने आधीच घेतलेला निर्णय. कोट्याच्या बाबतीत तो निर्णय कधी १९८३ मधल्या तक्त्यासाठी झालेला असतो, कधी चुकून सुटणाऱ्या फोर्क बॉम्बसाठी. तो आज तुम्हाला लागू पडतो का, हे ठरवायला आधी तो आकडा माहीत असावा लागतो. टर्मिनलमध्ये एक ओळ टाईप करायची, एवढंच काम आहे.